बैलाच्या शिंगांवरचं रक्त

(मंचर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाल्यापासून दोघातिघांनी मला विचारलं, की बास्केटबॉल आणि आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे शाळेच्या मैदानात एखादी रिंग असते, तिला जाळी नसते, आणि तिच्या खांबाला कुणीतरी सायकल टेकवून ठेवलेली असते. तेवढाच आपला बास्केटबॉल. मग अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाच्या लोगोवर मंचरमध्ये बसून तासभर बोलायचं कशाला?

तर संबंध कुठे लागला ते आधी सांगतो. मी एका यात्रेत घाटावर उभा होतो. हे नेटवर लांबचे लोकही वाचतात म्हणून खुलासा करतो. जुन्नर-आंबेगाव-खेडकडे 'घाट' म्हटलं की तो डोंगरातला रस्ता असेलच असं नाही. बैलगाडा पळवायचा जो चढाचा पट्टा, तो घाट. गाड्याला चार बैल, पुढे घोडी, आणि एक बारी काही सेकंदांत संपते. तर भंडारा उडतोय, लाउडस्पीकरवर निवेदक ओरडतोय, आणि माझ्यापुढे पाच-सहा पोरं एकसारखे टी-शर्ट घालून उभी. पाठीवर गाडामालकाचं नाव, त्याखाली गावाचं नाव, आणि छातीवर लालभडक बैलाचं तोंड. भुवया आवळलेल्या, शिंगं दोन्ही बाजूंना फाकलेली, शिंगांची टोकं लाल.

ते तोंड मी ओळखलं. तो शिकागो बुल्सचा लोगो होता, रेषेनं रेष तोच.

मी एकाला विचारलं, "दादा, हा बैल कुणाचा?"

तो म्हणाला, "आपल्याच गाड्याचा."

(हशा)

हसू नका. मला ते उत्तर पुढे बरेच दिवस पुरलं. त्यानंतर मी बघायला लागलो, तर टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजाराकडे निघालेल्या पिकअपच्या मागच्या काचेवर तोच बैल. यात्रेच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात तोच बैल. एका फ्लेक्सच्या दुकानात मी विचारलं, हाच का? दुकानदार म्हणाला, "सर, नेटवर बैल टाकला की हा पहिला येतो. आणि छापायला सोपा. दोन रंगांत काम होतं." या दोन वाक्यांत त्यानं लोगोशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम सांगून टाकला. उरलेला निम्मा मी सांगतो.

हा बैल आला कुठून? शिकागो बुल्स हा संघ १९६६ साली सुरू झाला. संस्थापक डिक क्लाईन. नावाबद्दल एक गोष्ट सांगितली जाते, की क्लाईन घरी बसून मॅटाडोर वगैरे, म्हणजे बैलांशी झुंजणाऱ्यांची, नावं घोळवत होते, आणि त्यांचा लहान मुलगा वैतागून म्हणाला की हे सगळं 'बुल' आहे. इंग्रजीत 'बुल' म्हणजे थापाही. तेच नाव ठरलं. गोष्ट खरी असो नसो, नाव त्या शहरात आधीपासून हवेतच होतं. शिकागो म्हणजे अमेरिकेचा खाटीकखाना. १८६५ साली तिथं युनियन स्टॉकयार्ड सुरू झालं. रेल्वेनं गुरं यायची, आणि मांस होऊन रेल्वेनंच देशभर जायची. अप्टन सिंक्लेअरनं १९०६ साली 'द जंगल' ही कादंबरी लिहिली ती याच कारखान्यांतल्या कामगारांवर. बुल्सच्या आधी त्याच शहरात १९६१ साली एक बास्केटबॉल संघ निघाला होता, त्याचं नाव तर सरळ 'पॅकर्स' होतं, मांस डबाबंद करणारे. बुल्सनं पहिला हंगाम ज्या इमारतीत खेळला, ती स्टॉकयार्डाला लागूनच होती.

आता लक्षात घ्या. त्या टी-शर्टावरचा बैल मुळात कत्तलखान्याच्या दारातला बैल आहे. आणि तो छातीवर घेऊन उभा कोण, तर पोळ्याला बैलाला आधी पुरणपोळी भरवून मग स्वतः जेवणारा मुलगा. मी त्याला नावं ठेवत नाही. मलाही ती टोकं लाल का, हे शोधावं लागलं. लोगो काढला डीन वेसेल नावाच्या चित्रकारानं. तो क्लाईनचा शेजारी होता. क्लाईननं चित्र पाहिलं आणि सांगितलं, असं म्हणतात, की शिंगांच्या टोकांना रक्त लाव. म्हणजे बैलानं नुकतंच कुणालातरी भोसकलंय.

आपल्याकडे शिंगं रंगवतात. हिंगूळ लावतात, शेंब्या बसवतात, गोंडे बांधतात. रंगवलेलं शिंग म्हणजे आज याला जुंपायचं नाही, आज याचा मान. तिथं रंगवलेलं शिंग म्हणजे रक्त. रंग तोच लाल, आणि अर्थाचं तोंड बरोबर उलट्या दिशेला. टी-शर्ट छापताना हे कुणाला कळायचं कारणच नाही, कारण चित्राबरोबर त्याचा अर्थ डाउनलोड होत नाही.

बरं, आता चित्र म्हणून बघू. हा लोगो उत्तम आहे का? मी म्हणेन, आहे, आणि काही बाबतींत फारच. समोरून बघितलेलं तोंड, उजवं-डावं अगदी सारखं. त्यामुळे टोपीवर लावा, गाडीच्या काचेवर लावा, मैदानाच्या मधोमध पंधरा फुटांचा काढा, बिघडत नाही. फक्त लाल, काळा, पांढरा. अंगावर केस नाहीत, छाया नाहीत. १९६६ साली, संगणकावर चित्रं काढण्याच्या कितीतरी आधी, एका माणसानं हातानं असं चित्र काढलं की जे आज मोबाइलच्या बोटभर गोलातही वाचता येतं. साठ वर्षं होत आली, तो लोगो मुळातून बदललेला नाही. अमेरिकेच्या या सगळ्या लीगमध्ये हे फार दुर्मीळ आहे. त्यात एक गंमतही आहे. घरी गेल्यावर तो उलटा धरून बघा. बाकावर बसून पुस्तक वाचणारा यंत्रमानव दिसतो. (हशा) वेसेलच्या मनात ते अर्थातच नव्हतं.

पण इथे समीक्षकानं सावध व्हायला हवं. लोगो चांगला म्हणून टिकला, की संघ जिंकला म्हणून टिकला? मायकल जॉर्डन १९८४ साली आला. १९९१ ते ९३ आणि १९९६ ते ९८, अशी सहा विजेतेपदं. त्याआधीची अठरा वर्षं हाच बैल होता आणि शिकागोबाहेर त्याला विशेष कुणी विचारत नव्हतं. जगभर पोचला तो जॉर्डनच्या खांद्यावर बसून. आज आंबेगावात जो दिसतो तो त्या लाटेचा उरलेला फेस आहे. पोरांना जॉर्डन ठाऊक असेलच असं नाही, बैल मात्र आला.

मग असं म्हणायचं का, की जिंकलं की कुठलंही चित्र चालतं? नाही. टोरंटोचा संघ घ्या, रॅप्टर्स. १९९५ साली सुरू झाला. दोन वर्षं आधी 'जुरासिक पार्क' आलेला, सगळीकडे डायनासोरचं वेड, म्हणून नावही तेच. लोगोत एक लाल डायनासोर, अंगात संघाचा गणवेश, हातात चेंडू. लोकांनी टर उडवली. पुढे त्यांनी तो सुधारला, आणि २०१५ साली काढूनच टाकला. नवीन लोगो म्हणजे चेंडू आणि त्यावर नख्यांचे तीन ओरखडे. नीटनेटका, शहाणा लोगो. २०१९ साली या शहाण्या लोगोखाली संघ पहिल्यांदाच विजेता झाला. आणि तरी चाहते जुना जांभळा शर्ट शोधत फिरतात, ज्यावर तो येडबंबू डायनासोर आहे. म्हणजे विजय आणि चित्र यांचा हिशेब इतका सरळ नाही. माणसं ज्यावर हसली होती त्याच्यावरच त्यांचा जीव बसतो.

आता डायनासोरचा विषय निघालाच आहे तर जाता जाता सांगतो. भयंकर प्राणी छातीवर लावायची चैन कुणाला परवडते? ज्याच्या दारात तो प्राणी येत नाही त्याला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याला टोरंटोत कोण घाबरणार? इकडे उसात बिबट्या आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, संध्याकाळी पोरांना अंगणात एकटं सोडायला आया धजत नाहीत. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांत टायगर्स, लायन्स, ईगल्स, सगळे दिसतात. बिबट्या मी तरी अजून पाहिला नाही. ज्या गावातलं माणूस गेलंय त्या गावाला तो लोगो सुचणारच नाही. मला हे त्या टायगर्स-लायन्सपेक्षा जास्त समंजस वाटतं.

असो. लोगो बदलतात कसे, याकडे येऊ. मी इथे सगळ्या तीस संघांची यादी वाचणार नाही. एकच बघा, मिल्वॉकी बक्स. बक म्हणजे नर हरिण, काळवीट म्हणा हवं तर. १९६८ साली त्यांचा लोगो म्हणजे स्वेटर घातलेलं एक हसरं हरिण, बोटावर चेंडू फिरवणारं. लहान मुलांच्या मासिकातलं वाटावं असं. १९९३ साली तेच हरिण गंभीर झालं. समोर रोखून बघायला लागलं, स्वेटर गेला. २०१५ साली ते आणखी ताठ झालं, आणि चित्रात गुपितं आली. शिंगांच्या मधल्या रिकाम्या जागेत चेंडू दिसतो, छातीच्या रेषांत एम हे अक्षर दिसतं.

या तीन पायऱ्यांत सगळ्या लीगचा इतिहास आला. साठच्या दशकात लोगो म्हणजे व्यंगचित्र होतं, कारण तो स्थानिक वर्तमानपत्रात आणि तिकिटावर छापला जायचा. बघणाऱ्याला हसवलं, काम झालं. नव्वदच्या दशकात टोप्या आणि जॅकेटं विकून पैसा येतो हे संघांना कळलं. मग प्रत्येक प्राण्याला राग आला. (हशा) डेट्रॉइटचा संघ पिस्टन्स. नाव पडलं मूळ मालकाच्या पिस्टनच्या कारखान्यावरून, पुढे संघ मोटारींच्याच शहरात गेला. इतकं सुंदर जुळून आलेलं नाव! १९९६ साली त्यांनी लोगोत काय घातलं, तर पेटलेल्या आयाळीचा घोडा. का? तर इंजिनाची ताकद 'हॉर्सपॉवर'मध्ये मोजतात. हा विनोद समजावून सांगावा लागतो आणि सांगितल्यावरही कुणी हसत नाही. नऊ वर्षांत घोडा तबेल्यात गेला, आणि २०१७ साली संघ आपल्या जुन्या साध्या गोल चेंडूवर परत आला. आणि मग दोन हजार दहाच्या पुढे मोबाइल आला. लोगो आता आधी दिसतो तो पडद्यावरच्या छोट्या गोलात. म्हणून सगळं पुन्हा सपाट, गोल, दोन रंगांचं. म्हणजे १९६६ साली वेसेल जिथं उभा होता, तिथं बाकीचे फिरून फिरून आले.

इथवरची गोष्ट छपाईची आणि बाजाराची झाली. लोगो बदलण्याची याहून अवघड कारणंही असतात.

गोल्डन स्टेट वॉरियर्स. हा संघ १९४६ साली फिलाडेल्फियात सुरू झाला. 'वॉरियर्स' म्हणजे योद्धे, आणि योद्धा कोण काढला, तर चेंडू टप्पे मारत नेणारा एक अमेरिकन आदिवासी, विदूषकासारखा. १९६२ साली संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तेव्हा विदूषक गेला आणि नुसता पिसांचा शिरपेच राहिला. १९६९ साली शिरपेचही गेला आणि तिथं आला पूल, गोल्डन गेट ब्रिज. मग कॅलिफोर्नियाचा नकाशा आला, नव्वदीत वीज हातात घेतलेला एक निळा माणूस आला, आणि २०१० साली पुन्हा पूल. नाव 'वॉरियर्स'च राहिलं, चित्रातला योद्धा मात्र नाहीसा झाला. माझ्या मते हा या लीगमधला सगळ्यात विचारी बदल आहे. त्यांनी नाव ठेवलं, पण दुसऱ्याचा चेहरा परत केला. माणसाच्या जागी शहरातली अशी वस्तू आणली की जिच्यावरून सगळेच येतात-जातात.

हे ऐकून आपण 'अमेरिकेत असंच चालतं' म्हणून मोकळे होऊ शकतो. मग भीमाशंकरच्या रस्त्यानं एकदा जा. रिसॉर्टांच्या भिंतींवर, फाटकांवर, चहाच्या टपरीवरसुद्धा पांढऱ्या रंगातली वारली चित्रं दिसतील. त्रिकोणी माणसं, तारप्याभोवती गोल. सुंदर आहेत. पण वारली हे पालघर-डहाणूकडचे. इथल्या डोंगरात राहतात महादेव कोळी आणि ठाकर. त्यांच्याच गावात, त्यांच्याच जमिनीशेजारी, 'आदिवासी' म्हणून दुसऱ्याच आदिवासींचं चित्र लावलेलं आहे. फिलाडेल्फियातल्या त्या विदूषकापेक्षा हे कमी वाईट, मान्य. चूक मात्र त्याच जातीची आहे. चित्र काढणाऱ्याला आदिवासी हवा होता, समोर राहणारा माणूस त्यानं पाहिलाच नाही.

दुसरं अवघड कारण म्हणजे गाव सोडणं. लॉस एंजेलिस लेकर्स. लेक म्हणजे तळं. लॉस एंजेलिसला तळ्यांचं काय कौतुक? पण संघ मूळचा मिनियापोलिसचा, मिनेसोटा राज्यातला, जिथं हजारो तळी आहेत. १९६० साली संघ गेला, तळी काही उचलून नेता येत नव्हती, नाव नेलं. युटा जॅझ तर त्याहून विचित्र. जॅझ संगीत न्यू ऑर्लिन्सचं, १९७४ साली संघ निघाला तिथं, लोगोत संगीताची खूण, रंग तिथल्या मार्दी ग्रा उत्सवाचे. पाच वर्षांत संघ युटाला गेला. डोंगर, बर्फ आणि देवभीरू माणसं असलेला मुलूख. नाव जॅझच. १९९६ साली त्यांनी लोगोत डोंगर घातले. २०१० साली संगीताची खूण परत आणली. संघाला आपलं घर कुठलं हे ठरवता येत नाही, ते लोगोत दिसतं.

हे आंबेगावकरांना समजावून सांगायची गरज नाही. आपल्या तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कारभार घोडेगावातून चालतो, बाजार मंचरला भरतो, नाव पाण्याखालच्या गावाचं. कुणी म्हणालं का, की तालुक्याचं नाव बदला? जॅझवर हसणाऱ्या अमेरिकन पत्रकारांना मी हे सांगेन, की नाव चुकीचं ठरलं म्हणजे ते खोटं ठरत नाही. कधीकधी त्या गावाचं नावाइतकंच मागे राहिलेलं असतं. म्हणून युटानं डोंगर घातले तेव्हा ते भूगोलाच्या दृष्टीनं बरोबर होतं, आणि तरी संगीताची खूण परत आली हेही मला बरोबर वाटतं.

आता थोडं मागे जाऊ, बरंच मागे. जुन्नरला मानमोडीच्या लेण्यांत अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा तो अमात्य, लेखात वर्ष ४६ दिलंय. म्हणजे तेव्हा जुन्नर क्षत्रपांच्या ताब्यात होतं. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला एक साठा सापडला, नहपानाची चांदीची नाणी, १३,००० च्या वर. त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःची चिन्हं ठोकली होती. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार गोल जोडलेलं चिन्ह, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. नाणी वितळवली नाहीत, चलन तेच ठेवलं. आणि काही नाण्यांवर अजून खालून नहपानाचं नाक दिसतं.

मला ही नाणी आठवली आणि त्या टी-शर्टांबद्दलचं माझं मत हललं. सुरुवातीला मी 'चोरी' म्हणून मोकळा झालो होतो. कायद्यानं बघितलं तर तो शिक्का शिकागोच्या मालकीचा आहेच. पण आपली पोरं काय करतायत? त्या बैलावर आपल्या गावाचं नाव ठोकतायत. परक्याचं चलन, वर आपला शिक्का. मग ही चोरी, की गौतमीपुत्राचं काम?

बरेच दिवस विचार करून माझं उत्तर असं, की दोन्हीही नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. गौतमीपुत्राला माहीत होतं खाली कुणाचा चेहरा आहे. म्हणूनच तर शिक्का ठोकला. बघणाऱ्यालाही माहीत होतं. आपल्या टी-शर्टवर खालचा चेहरा कुणाचा हे ना घालणाऱ्याला माहीत, ना छापणाऱ्याला. त्यामुळे वरचा शिक्का उमटतच नाही. बघणाऱ्याला दिसतो शिकागो, खाली बारीक अक्षरात गावाचं नाव, जणू काही ती शिकागोची शाखा आहे. (हशा)

आणि हे मी एरवी सोडून दिलं असतं. पण या बैलावर गेल्या दहा-बारा वर्षांत काय काय झालं ते आठवा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. वाद काय होता? हा प्राणी पळण्यासाठी आहे का, त्याला टोचतात का, त्याचा छळ होतो का. गाडामालक म्हणत होते, आम्ही याला पोटच्या पोरासारखं वाढवतो. विरोधक म्हणत होते, घाटातल्या गोष्टी आम्ही पाहिल्यात. दोघांकडेही खरं होतं, असं मला वाटतं. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. सात-आठ वर्षं ज्यांनी 'आमचा बैल हिंसेचं साधन नाही' असं सांगितलं, त्यांनी परवानगी मिळाल्यावर छातीवर काय छापलं, तर शिंगांना रक्त लागलेला बैल. विरोधी वकिलाला याहून चांगला पुरावा कुठला हवा होता?

त्यातून तो आपला बैलही नाही. घाटात पळतात ते मुख्यतः खिलार. खिलारचं तोंड लांबट, निमुळतं. शिंगं मागे जाऊन वर वळणारी, धनुष्यासारखी. समोरून काढलात तर खिलारचं निम्मं सौंदर्य जातं, तो बाजूनं बघायचा प्राणी आहे. शिकागोच्या बैलाची शिंगं आडवी, आखूड, तोंड चौकोनी. मुळात तो 'बैल' नाहीच, इंग्रजीतला 'बुल' म्हणजे वळू. त्याच्या नाकात वेसण नाही, कारण तो कुणाचाच नाही, एकटा आणि चिडलेला. आपल्या गाड्याच्या बैलाला वेसण आहे, म्होरकी आहे, शेजारी जोडीदार आहे. आणि त्याला नाव आहे! निवेदक माइकवरून बैलांची नावं घेतो तेव्हा आख्खा घाट मान वळवतो. शिकागोच्या बैलाला साठ वर्षांत असं कुणी हाक मारून बोलावलेलं मला माहीत नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(एका श्रोत्याचा प्रश्न: सर, टीका पटली. पण आमच्या मंडळाचे टी-शर्ट पुढच्या महिन्यात छापायचेत. मग छापायचं काय?)

हा खरा प्रश्न. मी चित्रकार नाही, पण मला काय दिसतं ते सांगतो. तुमच्या गाड्याचा जो बैल आहे, त्याचा बाजूनं फोटो काढा. ऊन कलतं असताना, म्हणजे शिंगांची कड स्पष्ट येईल. तो फोटो फ्लेक्सवाल्याला द्या आणि सांगा, नुसती बाहेरची रेष काढ. कपाळापासून शिंगाच्या टोकापर्यंत आणि मानेपासून वशिंडापर्यंत. बाकी काही नको. एकाच रंगात छापा. फ्लेक्सवाल्याचं ते म्हणणं बरोबरच होतं, कमी रंग कधीही चांगले. वेसण ठेवा. वेसणीची ती एक रेष तोंडाला अशी धरते की चित्र डळमळत नाही, करून बघा.

(श्रोता: आणि रक्त?)

शिंगांना हिंगूळ लावा की! लालच होईल.

(हशा)

पण मग कपाळावर गोंडा पण काढा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल की पोळ्याचं लाल आहे. आणि खाली गावाच्या नावाआधी बैलाचं नाव लिहा. काय नाव आहे तुमच्या बैलाचं?

(श्रोता: सोन्या.)

मग झालं. 'सोन्या' मोठं लिहा, गाव बारीक. आणि छापून झाले की एक टी-शर्ट मला पाठवा, एक्सएल लागेल.

(हशा, टाळ्या)